स्वमग्न मुलाची शाळा आणि आपली भाषा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



या मंडळाचे हिशेब मी बरीच वर्षे लिहितो आहे. वर्गणीच्या पावत्या, मंडपवाल्याचे बिल, निवेदनांच्या झेरॉक्सचा खर्च, हे माझे काम. व्यासपीठावर उभे राहण्याचा प्रसंग आजपर्यंत आला नाही, आणि अध्यक्षांनी आग्रह केला नसता तर आजही आला नसता. मी बँकेत क्लार्क आहे, बी. कॉम. झालो आहे, भाषणाची सवय नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात तो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक आहे आणि बऱ्याच जणांनी ते मला कधी विचारलेले नाही. आपल्या जुन्या घरांची रीतच तशी. कुणाच्या घरात काय आहे हे सगळ्या गल्लीला माहीत असते आणि बोलायचे मात्र कुणी नाही. माझ्या लहानपणी आमच्या मागच्या वाड्यात एक मुलगा माडीवर असायचा. पाहुणे आले की माडीचे दार लावायचे. त्याला आम्ही 'खुळा' म्हणायचो. त्याला काय झाले होते ते आता कळायला मार्ग नाही, पण माझ्या मुलाला हात सारखे झटकताना पाहतो तेव्हा मला त्या माडीची आठवण होते.

मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर बघेना. पंखा फिरताना मात्र तासन् तास बघायचा. थोरले काका म्हणाले, "काय होत नाही ओ. आमच्या घराण्यात मुलगे उशिराच बोलतात." डॉक्टरांनीही तेच सांगितले, फक्त घराणे सोडून. आम्ही नृसिंहवाडीला जाऊन आलो. कुणी मध चाटवायला सांगितला, कुणी मोबाईल बंद करायला सांगितला. सौ. नोकरी करते म्हणून असे झाले, हे तिच्या तोंडावर सांगणारेही भेटले. या सगळ्यात दोन वर्षे गेली. चार वर्षे पुरी झाल्यावर निदान झाले. आज मागे वळून पाहताना सगळ्यांत जास्त वाईट त्या दोन वर्षांचे वाटते. बँकेत एक दिवस व्याज चुकले तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसून चूक शोधतो, आणि इथे दोन वर्षे आम्ही 'बोलेल बोलेल' म्हणत बसलो.

आईमुळे मूल असे होते, हे म्हणणे नवे नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टराने अकरा मुलांची हकिगत लिहून या अवस्थेला नाव दिले. पुढे पंचवीस-तीस वर्षे तिकडचे मोठमोठे तज्ज्ञसुद्धा थंड स्वभावाच्या आईमुळे मूल असे होते, असेच सांगत राहिले. ब्रुनो बेटलहाइम या गृहस्थाने १९६७ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. पण त्याच्याही आधी, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुरावे मांडून सांगितले होते की हा मेंदूच्या घडणीचा भाग आहे, आईचा यात दोष नाही. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. लसीमुळे होते असे सांगणारा एक निबंध १९९८ मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, तोही त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरी आजही आपल्या गल्लीत कुणी ना कुणी ते सांगतोच. तेव्हा सुनेला बोल लावण्याआधी सासूबाईंनी एवढे ध्यानात घ्यावे. माझ्या आईने घेतले. तिच्याबद्दल पुढे सांगणार आहे.

निदान झाल्यावर शाळेचा प्रश्न आला. आमच्या घरातील चार पिढ्या मराठी शाळेत शिकल्या. मुलाला मात्र मी इंग्रजी शाळेत नेले, हे कबूल करतो. तिथे दोन महिने ठेवून घेतले आणि मग सांगितले की बाकीच्या पालकांच्या तक्रारी येतात. दुसऱ्या शाळेत फॉर्म वाचून परत दिला. मराठी शाळेत गुरुजींनी प्रेमाने घेतले, पण एका वर्गखोलीत दोन इयत्ता आणि त्यात हा खिडकीतून बाहेर जाणारा. गुरुजी तरी काय करणार? मग विशेष शाळा बघायला लागलो. धारवाड झाले, कोल्हापूर झाले, पुण्याला दोन वेळा गेलो. मैसूरला भारतीय वाक-श्रवण संस्था आहे, केंद्र सरकारची, १९६५ पासूनची. तिथेही तपासणी करून आलो. कोल्हापूर-पुण्यात मराठीतून शिकवणारे विशेष शिक्षक पाहिले तेव्हा वाटले, इथेच बिऱ्हाड करावे. पण नोकरी इथे, आई इथे, घर इथे. शिवाय महाराष्ट्रात सवलती घ्यायच्या म्हटले की रहिवासी दाखला आधी मागतात. आपण दाखला काय देणार? आपला दाखला कर्नाटकाचा.

शेवटी आपल्याच शहरात एक वर्ग मिळाला. सात मुले आणि दोन शिक्षिका. त्यातल्या मुख्य बाई कन्नड भाषिक होत्या. मी मराठी मंडळाचा माणूस. पहिल्या दिवशी मनात आले ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मनात आले, आता मुलगाही कानडीत जाणार.

त्या बाईंनी चित्रांची कार्डे वापरायला सुरुवात केली. पाण्याचे चित्र, जेवणाचे चित्र, बाहेर जायचे चित्र. बोलता येत नाही तर कार्ड उचलून द्यायचे. ही पद्धत अमेरिकेत १९८५ च्या सुमारास तयार झाली आणि आता जगभर वापरतात. दिवसातून कितीतरी वेळा तेच कार्ड, तोच शब्द. दिवाळीनंतर एका रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. मुलाने ताटावरून मान वर केली आणि म्हणाला, "नीरु."

बंधू-भगिनींनो, माझ्या मुलाचा पहिला शब्द. साडेपाच वर्षांचा होता तो. आणि शब्द कानडी.

माझे वडील १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आले होते. त्यांचा फोटो जेवणघराच्या भिंतीवर आहे. मी आणि सौ. आईकडे बघत राहिलो. आई उठली, तांब्यातून पेला भरला आणि त्याच्या हातात दिला. एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच त्याला "नीरु पायजे?" म्हणून विचारायला लागली. आजही विचारते.

ही हकिगत मी बाईंना सांगितली. मला वाटले, त्यांना आनंद होईल. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी झाली. घरी तुम्ही मराठी बोलता हे मी विचारायला पाहिजे होते." आणि वही काढून माझ्याकडून त्यांनी चाळीस मराठी शब्द लिहून घेतले, कानडी लिपीत. पाणी, भात, ये, बस, दुखतंय, पुरे. कार्डावर दोन्ही शब्द लिहिले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुलगा 'पाणी'ही म्हणायला लागला. घरात 'पाणी', वर्गात 'नीरु', आजीपाशी दोन्ही. अशी माणसे दोन्ही बाजूंना आहेत, आणि म्हणूनच माझी तक्रार त्या बाईंविषयी नाही. माझी तक्रार अशी की हे काम एका भल्या बाईंच्या वहीवर अवलंबून राहिले. त्यांची बदली झाली तेव्हा वहीही गेली. नवीन आलेल्या शिक्षिकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले की मुलाचा गोंधळ होतो, घरी एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी.

हा सल्ला तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनाही मिळाला असेल. आम्ही तो आठ महिने पाळला. सौ. मुलाशी इंग्रजीत बोलायची. तिचे इंग्रजी बँकेच्या फॉर्मपुरते आणि माझेही तेवढेच. 'कम', 'सिट', 'ईट', 'नो' यापलीकडे आम्ही काय बोलणार? आईला तर तेही येत नाही, म्हणून ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. रात्री गोष्ट बंद, अंगाई बंद. ज्या मुलाला मुळात शब्द कमी, त्याच्या घरातले शब्द आम्हीच कमी केले.

नंतर वाचनात आले की या सल्ल्याला आधार नाही. कॅनडात माँट्रिअल हे शहर आहे. तिथे फ्रेंच आणि इंग्रजीचा वाद आपल्यासारखाच जुना. तिथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषा कानावर पडणारी स्वमग्न मुले आणि एकच भाषा ऐकणारी स्वमग्न मुले यांची तुलना केली, तर दोन भाषांची मुले मागे पडलेली आढळली नाहीत. त्यानंतरच्या अभ्यासांतही साधारण तेच दिसले. म्हणजे मूल बोलायला उशीर करते ते स्वमग्नतेमुळे, घरातल्या मराठीमुळे नव्हे. तेव्हा घरात खुशाल मराठी बोला. भरपूर बोला. उत्तर आले नाही तरी बोला.

आता थोडे कायद्याचे. हा भाग रुक्ष आहे, पण आपले मंडळ निवेदने देणारे मंडळ आहे, तेव्हा ऐकावा लागेल.

१९९५ चा अपंग कायदा आला तेव्हा त्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते पहिल्यांदा आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार झाले आणि त्यांत स्वमग्नता स्वतंत्रपणे आहे. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालकाच्या पसंतीच्या विशेष शाळेत. तेव्हा 'आमच्याकडे जागा नाही' असे सांगून सरकारी किंवा अनुदानित शाळेला हात झटकता येत नाहीत.

पण कोणत्या भाषेत? २०१६ च्या कायद्यात शिक्षणाच्या योग्य भाषेचा उल्लेख आहे तो अंध आणि कर्णबधिर मुलांपुरता. स्वमग्न मुलाच्या घरच्या भाषेबद्दल त्या कलमात काही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, शक्य असेल तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. आणि घटनेचे ३५० अ कलम तर आपल्या प्रत्येक निवेदनात असतेच, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याबद्दलचे. त्याच्या जोडीला दहा-चाळीसचा जुना नियम आपण तोंडपाठ म्हणतो. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यायचा.

इथे मी हिशेबनीस म्हणून एक गोष्ट नजरेस आणतो. सुप्रीम कोर्टासमोर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे जे प्रकरण आले, त्यात पुनर्वास परिषदेच्या समितीने सुचवलेले प्रमाण स्वमग्न मुलांसाठी पाच मुलांमागे एक शिक्षक असे होते. माझ्या मुलाच्या वर्गात एकूण मुले सात. ज्या वर्गात दहा मुलेच बसू शकत नाहीत, त्या वर्गात दहा मराठी मुले कुठून येणार? म्हणजे सर्वसाधारण शाळेसाठी लढताना ज्या नियमाची ढाल आपण हातात घेतो, तो आपल्या सगळ्यांत दुबळ्या मुलांना कधी लागूच पडत नाही. गेल्या कित्येक वर्षांची निवेदने माझ्या फायलीत आहेत. सातबारा, परिपत्रके, फलक, शाळांचे माध्यम, बसच्या पाट्या, सगळे आहे. विशेष शिक्षणाची एक ओळ नाही. यात कर्नाटक सरकारचा दोष नाही, ही ओळ आपणच कधी लिहिली नाही. मीही नाही लिहिली, आणि टाइप करायला कागद माझ्याकडेच येत होते.

मुले किती आहेत हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारणारच. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज जगात १२७ माणसांमागे एक स्वमग्न असा आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. भागाकार करून बघा, ३,८०० च्या आसपास येतात, लहान-मोठे सगळे धरून. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. पण त्यातले मराठी घरांतले किती आणि माडीवर किती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणून मला असे सुचवायचे आहे. जिल्हाधिकाऱ्यांना पुढचे निवेदन जाईल त्यात एक स्वतंत्र परिच्छेद असावा. जिल्ह्यातील विशेष शाळांत आणि सरकारी तपासणी केंद्रांत किमान एक तरी शिक्षक किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ मराठी जाणणारा असावा. पालकांना द्यायचे कागद मराठीतही असावेत. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना विशेष शिक्षकांची पदे निर्माण करायला सांगितले आहे, तेव्हा ही मागणी करायची वेळ आहे. पदे भरून झाल्यावर मागणी करून उपयोग नाही. आणि महाराष्ट्र सरकारलाही एक पत्र जावे. ८६५ गावांसाठी २०२३ मध्ये त्यांनी आरोग्य योजना जाहीर केली. त्याच धर्तीवर सीमाभागातील मुलांना कोल्हापूरच्या विशेष शाळांत प्रवेश आणि मराठीतील अभ्यासक्रमाचे साहित्य मिळावे. मुंबईच्या जय वकील संस्थेने तयार केलेला 'दिशा' अभ्यासक्रम महाराष्ट्रातील विशेष शाळांत मराठीतून वापरला जातो. ती पुस्तके इथे यायला कोणत्या सीमेची अडचण आहे?

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपल्या हातातले. बँकेत काउंटरवर बसतो म्हणून काही गोष्टी रोज दिसतात. मागे एक गृहस्थ एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले, खाते काढायला. मुलगा सही करू शकत नव्हता. वडील म्हणाले, "मी आहे की सही करायला." अठरा वर्षे पूर्ण झाली की आई-बापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो. त्या दाखल्यावर बँका खाते उघडतात, तशी रिझर्व्ह बँकेची सूचना २००७ पासून आहे. आपल्या जुन्या घरांत जागा, दुकाने, शेती आजोबांच्या नावावर असतात आणि वाटण्या व्हायच्या असतात. तिथे हा दाखला नसेल तर अशा मुलाचे काय होते ते मी काउंटरच्या आतून पाहिले आहे. भाऊबंदकीवर जास्त बोलत नाही, सभेत सगळेच बसले आहेत.

आयकरात अशा मुलाच्या खर्चापोटी ७५ हजारांची आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळत आली आहे, ८० डीडी म्हणून आपण जी ओळखतो ती. पण नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. तेव्हा सीए सांगतो म्हणून डोळे मिटून नवी पद्धत निवडू नका, आधी दोन्हीकडून आकडा काढून बघा. 'निरामय' ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतची आहे, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळतो. सरकारी नोकरीतील पालकांना नेहमीच्या बदलीतून सूट देण्याचा केंद्राचा आदेश २०१४ चा आहे. मला तो उशिरा कळला. त्याआधी मी ऑफिसरची परीक्षा दोनदा सोडून दिली होती, बदली होईल या भीतीने. त्याचे आता काही वाटत नाही. म्हणजे, फारसे वाटत नाही. दहावीची काळजी असणाऱ्यांसाठी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा मराठीतूनही देता येते.

शिवजयंतीच्या मिरवणुकीबद्दल एक विनंती आहे, रागावू नका. चित्ररथ खडेबाजारात आले की डॉल्बीने आमच्या घराच्या काचा हलतात. माझा मुलगा कानांवर हात ठेवून न्हाणीघरात बसतो, कधी कधी तीन तास. स्वमग्न मुलांना आवाज आपल्यापेक्षा वेगळा, पुष्कळ जास्त लागतो. मात्र ढोल-ताशा दुरून आला तर त्याला आवडतो, गॅलरीत येऊन ताल धरतो. मंडळांच्या बैठकीत कुणी हा विषय काढला तर मी आभारी राहीन. मी स्वतः काढणार होतो, धीर झाला नाही.

मघाशी जय वकील संस्थेचे नाव घेतले. ती १९४४ साली मुंबईत एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केली, तिच्यासाठी शाळाच नव्हती म्हणून. दिल्लीची 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने उभी केली. सुरुवात पालकांनीच केली. आपल्याकडे सभागृह आहे, सतरंज्या आहेत, निवृत्त झालेले मराठी शाळेचे गुरुजी आहेत. अनुभवी विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा यायला तयार आहेत. त्या कन्नड भाषिक आहेत, मी तुम्हाला सांगितलेल्याच. निवृत्तीनंतर त्या परत बेळगावात आल्या आहेत. मानधनाचे बोलणे मी केले आहे, ते माझ्या वर्गणीतून धरावे. ती चाळीस शब्दांची वही त्यांच्याकडे अजून आहे. आता तिच्यात दोनशेच्या वर शब्द झालेत म्हणाल्या.

प्रमाणपत्राचे, निरामयचे आणि पालकत्वाच्या अर्जाचे नमुने मराठीत समजावून लिहून मागच्या टेबलावर ठेवले आहेत. कुणाला सर्वांदेखत घ्यायला संकोच वाटत असेल तर उद्या बँकेत पैसे भरायला आल्यासारखे या, मी देतो. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात पहिली बैठक आहे. माईक लावणार नाही, ट्यूबलाइट बंद ठेवून खिडक्या उघडू. चपला काढायचा आग्रह नाही. मुलांना घेऊन या. माझी आई येणार आहे, तिने सगळ्यांसाठी शिरा करायचे कबूल केले आहे.